एक्केचाळीस नंबरची नळी

सोमवार, २ मार्च

प्रिय वन्सं,

दचकू नकोस. हॉस्टेलमध्ये तीन वर्षं माझ्या उशीखालची बिस्किटं पळवणारी मैत्रीण आता नवऱ्याची बहीण आहे, तेव्हा अधूनमधून मान द्यावा म्हटलं.

वादळात हॉस्पिटलच्या फोनच्या तारा तुटल्या आणि मोबाईलचा टॉवर आडवा झाला तो झालाच. दोन आठवडे झाले, उचलायला कोणी आलेलं नाही. म्हणून ही युक्ती. रक्ताच्या नळ्यांचा डबा घेऊन ड्रायव्हरमामा सोमवारी आणि गुरुवारी सकाळी तुझ्या लॅबकडे निघतात आणि रिपोर्ट घेऊन बुधवारी नि रविवारी संध्याकाळी इथे परत येतात. साथीमुळे बाकी सगळ्यांना रस्ता बंद आहे. बर्फाच्या पिशव्यांवर पत्र ठेवलं तर चालेल, असं ते म्हणाले. ओलं झालं तर वाळवून वाच.

वॉर्डात तेवीस खाटा, तेवीसही भरलेल्या. सगळ्यांना तोच ताप, तोच खोकला. आत येताना सगळे सारखेच दिसतात बघ. चार दिवसांनी एक जण ताट संपवून आणखी मागतो आणि शेजारच्याला दोन शब्द बोलताना धाप लागते. कोण कुठल्या बाजूला जाणार ते आम्हाला तोंडाकडे बघून कळत नाही, म्हणून डॉक्टर तुझ्या सीआरपीच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात. जोराने ऑक्सिजन देणारं मोठं मशीन एकच आहे. त्याचा त्यांनी नियम केलाय. आकडा दीडशेच्या वर गेला की मशीन द्यायचं नाही. तशा तिघांना लावून बघितलं, तिघेही गेले. ज्याची आशा आहे त्यालाच द्यायचं. हे सांगताना ते भिंतीकडे बघत होते.

तुझ्या दादाला हॉस्पिटलने बोलावून घेतलंय. दुसरा कोणी नळकामवाला आत पाऊल टाकायला तयार नाही. खाटांखालून सरपटत वॉर्डभर ऑक्सिजनचा पाइप फिरवतोय. घरात आम्ही दोघंच, तरी घरी दिसत नाही एवढा मला इथे दिसतो. त्याने लिहायला सांगितलंय, आईला सांग, मी मास्क लावतो. लावतो, पण हनुवटीला.

तुझी,
वहिनीबाई

—

बुधवार, ४ मार्च

वहिनीबाईसाहेब,

पत्र कोरडं पोचलं. बिस्किटांचा आरोप खोटा आहे, ती तुझी रूममेट नंबर दोन खायची.

रिपोर्ट सोबत आहेत. माझा जोडीदार तापाने पडलाय, तेव्हा लॅबमध्ये मी एकटी आणि समोर सहा गावांचे डबे. नळी फिरवायची, वरचं पिवळं पाणी काढायचं, मशीनला द्यायचं, आकडा वहीत उतरवायचा, रिपोर्टवर सही करायची. मागून तपासणारा जो होता तोच आजारी आहे. नळीवर नाव नसतं ते एक बरं. ओळखीपाळखीने कोणाचं आधी होऊ नये म्हणून केलेला नियम, पण मला त्याचा वेगळाच उपयोग होतो. रात्रीचं जेवण जातं.

तुझ्या डॉक्टरांना एक सांग. सीआरपी म्हणजे अंगात किती सूज पेटली आहे त्याचं माप. पाचच्या आत असावा, शंभरच्या पुढे गेला की मीसुद्धा नळी दुसऱ्यांदा लावते. पण थर्मामीटरने ताप उतरत नाही, तसंच हे. शिवाय तुमच्या हातात पडतो तो आकडा दोन-तीन दिवसांपूर्वीच्या माणसाचा असतो. त्या माणसाचं मधे काय झालं ते मला इथून दिसत नाही. आकडा एकटा बघू नका, म्हणावं.

आई बरी आहे. दिवसातून दहा वेळा विचारते, दादाचं काही कळलं का. मला तिच्यापुढे खोटं बोलता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. चेहऱ्यावर सगळं छापून येतं. पुढच्या पत्राखाली दादाला चार ओळी लिहायला लाव. आळशी आहे, पण तुझं ऐकतो.

तुझी,
बिस्किटचोर

—

गुरुवार, ५ मार्च
(हे डब्यात ठेवलं नाही.)

अगं,

मंगळवारी संध्याकाळी पाइपचा शेवटचा जोड आवळून झाला आणि तुझा दादा तिथेच, भिंतीला टेकून खाली बसला. अंगात एकशे दोन ताप. दोन दिवसांपासून होता म्हणे, काम अर्धवट टाकायचं नाही म्हणून बोलला नाही. आता त्यानेच जोडलेल्या पाइपवर खिडकीजवळच्या खाटेत पडलाय. पेशंट नंबर एक्केचाळीस.

मी आज स्वतः त्याचं रक्त काढलं. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा शीर चुकली. तो म्हणाला, "चिंगीला कळवू नकोस. तिला कळलं की आईला कळलं. आणि आईचं हृदय असं, की बातमी पोचायच्या आत तीच जायची." शपथ घेतली माझ्याकडून.

तुला हे लिहिलं नाही तर मला झोप लागायची नाही, म्हणून लिहिलं. आता फाडते.

—

गुरुवार, ५ मार्च

प्रिय वन्सं,

अकरा नळ्या पाठवते आहे. दादाच्या चार ओळींचा तगादा लावू नकोस. तो पलीकडच्या गावातल्या दवाखान्यात पाइपचं काम करायला गेलाय, आठ दिवस लागतील. तब्येत ठणठणीत. आईंना सांग, मास्क आता नाकावर आलाय.

इकडे सगळं तसंच.

तुझी वहिनी

—

रविवार, ८ मार्च

वहिनी,

रिपोर्ट सोबत. चार जणांचे आकडे उतरलेत. एक्केचाळीसचा चौऱ्याहत्तर आहे, त्याच्यावर लक्ष ठेव. चिठ्ठीवर त्याचं वय लिहायचं राहिलंय. लिहीत जा.

दादा बाहेरगावी आहे हे आईला सांगितलं. तिने विचारलं, त्याने बरोबर काय काय नेलं. मी म्हटलं, पाने, करवत, एक स्वेटर. तिचं समाधान झालं. मला खोटं बोलता येत नाही असं मी म्हणाले होते ना, येतं म्हणजे.

तू जेवतेस ना वेळेवर? तुझी फार आठवण येते.

तुझी,
चिंगी

—

सोमवार, ९ मार्च

प्रिय चिंगी,

आज तुला एक नीट समजावून सांगायचंय, म्हणून ड्यूटीच्या आधी लिहिते आहे.

मोठ्या मशीनवरच्या आजोबांची तब्येत सुधारतेय. बुधवारपर्यंत मशीन मोकळं होईल. दोघांना लागणार आहे, एक्केचाळीसला आणि चव्वेचाळीसला. चव्वेचाळीस म्हणजे शिवणकाम करणाऱ्या एक बाई, शनिवारी आल्या. दोघांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला की एकच दाखवतो, अठ्ठ्याऐंशी. दोघांची धाप सारखी. वयंही जवळपास सारखी. डॉक्टर म्हणाले, आता रक्तच सांगेल. बुधवारी रिपोर्ट आला की ठरवू. नियम तोच, दीडशेच्या वर असेल त्याला नाही.

दोघांच्या नळ्या वेगळ्या रबरात बांधल्या आहेत. एक्केचाळीसचा खोकला काल दुपारपासून बदललाय. चमचाभर पाणी गिळतानाही थांबावं लागतं. मला भीती वाटते गं. पेशंटसाठी एवढं वाटू नये, माहीत आहे.

जरा आधी कर दोघांचं.

तुझी वहिनी

—

बुधवार, ११ मार्च

वहिनी,

दोघांचं सगळ्यांत आधी केलं.

एक्केचाळीस: एकशे अठरा.
चव्वेचाळीस: एकशे बत्तीस.

दोघंही दीडशेच्या आत आहेत. पण एक्केचाळीसचा कमी आहे, म्हणजे तुमच्या नियमाने आशा जास्त. त्याला मशीन द्यायला हरकत नसावी. डॉक्टरांना तसं सांग.

आई बरी आहे. जास्त लिहीत नाही.

चिंगी

—

गुरुवार, १२ मार्च

प्रिय चिंगी,

घाईत लिहिते. मामा इंजिन चालू करून उभे आहेत.

मंगळवारी जिल्ह्याहून मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, दीड तास. आमच्या डॉक्टरांचा नियम ऐकून त्यांनी तो उलटा केला. म्हणाल्या, बाकीच्या ठिकाणी बघतोय, ज्याचा आकडा जास्त त्याला आधी मशीन द्या. कमी असलेला साध्या ऑक्सिजनवर आणि पालथं झोपवून तग धरतो. कागदावर लिहून सही करून गेल्या. त्यामुळे काल संध्याकाळी तुझा रिपोर्ट आल्यावर मशीन चव्वेचाळीसला लावलं.

पण मी खूश आहे गं. मला वाटलं होतं एक्केचाळीसचा दोनशे तरी येणार. एकशे अठरा बघितल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले. त्याला जाऊन सांगितलं, वाटतं तेवढं वाईट नाही, तग धरायचाय. त्याने मान हलवली. आता पालथा झोपवलाय.

तुझे उपकार कसे फेडू. हे का म्हणते ते पुढे कधीतरी सांगेन.

तुझी वहिनी

—

शुक्रवार, १३ मार्च

वहिनी,

हे पत्र उघडशील तेव्हा जिथे असशील तिथून आधी डॉक्टरांकडे जा. त्यांना सांग, एक्केचाळीसचा आकडा एकशे अठरा नाही, एकशे सत्त्याऐंशी आहे. दुरुस्त रिपोर्ट सोबत आहे. मग बाकीचं वाच.

एक्केचाळीस दादा आहे, हे मला माहीत आहे. पहिल्याच नळीपासून. आम्हा दोघांच्या तांबड्या पेशी जन्मापासून बारीक. आजार नाही, घराण्यातच आहे, बाबांकडून आलेलं. शिकत असताना सरावासाठी मी दादाचं बोट किती वेळा टोचलंय. एका टोचण्याला एक सिनेमा, असा त्याचा भाव होता. पेशी मोजायच्या मशीनमधून एक्केचाळीसचा कागद बाहेर आला आणि पेशींचं माप बघूनच मी ओळखलं. खात्री करायला काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. आणि चिठ्ठीवर वय नव्हतं. तू कधी वय विसरत नाहीस.

तू लपवते आहेस म्हणजे दादानेच शपथ घातली असणार. म्हणून मीही बोलले नाही. तुझ्या हातून त्याची शपथ मोडायला नको असं वाटलं. शहाणपणाच वाटला मला तो.

बुधवारी पहाटे आकडा आला, एकशे सत्त्याऐंशी. दोनदा केला. दुसऱ्यांदाही तोच. माझ्या डोक्यात तुझं एकच वाक्य, दीडशेच्या वर असेल त्याला नाही. मी वहीत एकशे सत्त्याऐंशी लिहिलं आणि रिपोर्टवर एकशे अठरा. एकशे चाळीससुद्धा चाललं असतं. पण चव्वेचाळीसच्या बाईंपेक्षा कमी पाहिजे होतं. त्या बाईंचा मी विचार केला नाही असं नाही. केला, आणि तरी लिहिलं.

काल संध्याकाळी तुझं पत्र वाचलं आणि पायऱ्यांवर बसून राहिले. तशीच मामांच्या घरी गेले. आजच्या आज निघा म्हटलं. ते म्हणाले, परवाना रविवारचाच आहे, नाक्यावरून परत पाठवतील. मी म्हटलं, मला डब्यात घालून न्या. त्यांनी मला पाणी दिलं. सकाळी नाक्यावर जाऊन आले. पोलीस म्हणाला, बाई, प्रत्येकाचाच भाऊ असतो. तो वाईट वागला नाही. माझ्यासारखे चाळीस जण रांगेत होते.

म्हणजे हे पत्र रविवारी संध्याकाळी तुला मिळणार. आज शुक्रवार आहे. मी लॅबमध्ये आहे, इतरांचे आकडे बरोबर लिहिते आहे.

डॉक्टरांना माझं नाव सांग. माझं काय व्हायचं ते होऊ दे. फक्त मशीन त्याच्याकडे वळव.

चिंगी

—

बुधवार, १८ मार्च

वहिनी,

सोमवारच्या डब्यात तुझं पत्र नव्हतं. सतरा नळ्या होत्या. तीनदा मोजल्या. एक्केचाळीस नव्हती.

मामांना विचारलं. ते म्हणाले, सिस्टरनी डबा हातात दिला आणि लगेच आत गेल्या.

कदाचित तो बरा होऊन घरी गेला असेल म्हणून नळी नसेल. असंही होतं. बऱ्या झालेल्यांची आपण पुन्हा तपासत नाही.

आईने आज काहीच विचारलं नाही.

दोन शब्द लिही. शिव्या दे, पण लिही.

चिंगी

—

गुरुवार, १९ मार्च

चिंगी,

तुझा दादा शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला गेला. मी दोन खाटांपलीकडे चादर बदलत होते. वॉर्डातल्या मावशींनी हाक मारली. मी पोचले तेव्हा हात गरम होता. त्याला पालथं झोपवलं होतं, त्यामुळे शेवटी तोंड दिसलं नाही.

तुझं पत्र रविवारी संध्याकाळी मिळालं. कपडे बदलायच्या खोलीत वाचलं. मग पुन्हा आत गेले, कारण ड्यूटी होती.

चार दिवस तुझ्यावर चिडायचा प्रयत्न करते आहे. चिडते, आणि मग आठवतं की खोटं आधी मी लिहिलं. पलीकडच्या गावात गेलाय म्हणून. तू नंतर. मी तेव्हाच सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचाही विचार करून बघितला. तरी नियम मंगळवारीच फिरला असता आणि ते तुला गुरुवारीच कळलं असतं. कुठूनही सुरुवात केली तरी आपल्या दोघींच्या हातात काही येत नाही.

मशीन लावलं असतं तर तो वाचला असता का, तेही मला माहीत नाही. दीडशेच्या वरचे आधीचे तिघे मशीनवरच गेले होते. तुलाही ते कळणार नाही, मलाही नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मला स्वतःला याचं बरं वाटत नाही.

एक सांगायला हवं. बुधवारी त्याला आकडा सांगितला तेव्हा तो फक्त मान हलवून थांबला नव्हता. मी ते तुला लिहिलं नव्हतं. त्याने मास्क बाजूला केला आणि म्हणाला, "चिंगीने काढलाय ना? मग बरोबरच असणार." त्यानंतर दोन दिवस तो शांत होता. घाबरला नाही. ते तू त्याला दिलंस, असंही म्हणता येईल. मला अजून म्हणता येत नाही.

चव्वेचाळीसच्या बाई काल भिंतीला धरून बाथरूमपर्यंत चालत गेल्या. परतताना त्यांनी मला विचारलं, खिडकीजवळचे भाऊ कुठे गेले. मी म्हटलं, सोडलं त्यांना. त्या म्हणाल्या, बरं झालं. त्यांच्यावर मला राग धरता येत नाही. फार सोपं झालं असतं.

तुझा दुरुस्त रिपोर्ट मी डॉक्टरांना दाखवला नाही. तुला वाचवायला नाही, हे लक्षात ठेव. दाखवला तर उद्यापासून ते तुझ्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवणार नाहीत. या वॉर्डात तेवीस माणसं आहेत आणि दुसरी लॅब नाही. तो कागद माझ्या कपाटात आहे. हा आजार संपला की आपण दोघी बसू आणि काय करायचं ते ठरवू.

आईंना तू सांग. पत्राने नको, जवळ बसून सांग. तो पाइप जोडता जोडता आजारी पडला, हे सांग. तेवढं खरं आहे. त्याच पाइपवर आज अकरा जण श्वास घेताहेत, हेही सांग.

आजच्या डब्यात एकोणीस नळ्या आहेत. त्रेपन्न नंबरची माझी आहे. मंगळवारपासून ताप आहे, काल रात्रीपासून जिना चढताना थांबावं लागतंय. या वेळी लपवत नाही. चिठ्ठीवर वय लिहिलंय.

जो येईल तो आकडा लिही.

वहिनी